सहाशे साचे आणि चोवीस अक्षरं

पोर्तुगीज भाषेत सोमवारला ‘सेगुंदा-फेइरा’ म्हणतात, म्हणजे दुसरा वार. मंगळवार तिसरा, बुधवार चौथा, असं शुक्रवारपर्यंत नुसत्या आकड्यांवर चालतं. शनिवार-रविवारलाच काय ती नावं. युरोपातल्या शेजारच्या भाषांमध्ये वारांना जुन्या रोमन देवतांची नावं आहेत. ती ख्रिस्ती माणसाच्या तोंडी नकोत, असा आग्रह सहाव्या शतकात ब्रागा गावच्या मार्टिन नावाच्या बिशपने धरला आणि पोर्तुगीजांनी तो पाळला, असं सांगतात. (ब्रागा हे गाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) गंमत अशी की याच पोर्तुगीजांनी गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य केलं आणि गोव्यातला ख्रिस्ती माणूसही सोमार, मंगळार, बुधवार असंच म्हणत राहिला.

मी पेशाने ओतकामवाला. बेळगावच्या उद्यमबागेत पंचवीसेक वर्षं लोखंड वितळवून साच्यांत ओतलं. इतिहासाचा नाद उशिरा लागला आणि गोव्याची कागदपत्रं वाचायची तर पोर्तुगीजला पर्याय नाही, म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती भाषा शिकायला बसलो. त्या वयात नवी भाषा शिकताना पहिला आनंद मिळतो तो ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तसा. फाउंड्रीत रोज ज्यातून वाळू उचलली ते घमेलं पोर्तुगीज निघालं. पिंप, फीत, लिलाव, चावी, सगळे तिकडचेच. ‘पगार’ हे तर त्यांच्याकडे चक्क क्रियापद आहे, ‘पैसे देणं’. आपण त्याचं नाम करून टाकलं आणि दर महिन्याच्या एक तारखेला बांधून ठेवलं.

पण आजचा विषय माझं शिकणं नाही. उलट दिशेने आलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल लिहायचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स, गोव्याच्या कागदांतले पाद्री एस्तेव्हांव, यांचं नाव आपल्या मंडळातल्या बहुतेकांना ‘क्रिस्तपुराणा’मुळे माहीत असतं. मराठीची त्यांनी केलेली स्तुती शाळेच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून इतकी फिरली आहे की तेवढ्यावरच आपण थांबतो. परक्या माणसाने आपल्या भाषेला चांगलं म्हटलं, झालं समाधान. ते ही भाषा कशी शिकले, कशावरून शिकले, त्यांना नेमकी कशाची मौज वाटली आणि घोडं कुठे अडलं, हे प्रश्न मला त्या स्तुतीपेक्षा जास्त खुणावतात.

माणूस इंग्लंडातल्या विल्टशरचा. रोममध्ये जेझुइट झाला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसला आणि २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, ते गोव्यातच राहिले, त्यातली बहुतेक साष्टीत. मातृभाषा इंग्रजी, शिक्षण लॅटिनमध्ये, कारभार पोर्तुगीजमध्ये आणि आजूबाजूला कोकणी-मराठी. इंग्रजी कामी आल्याचा एक ठळक प्रसंग १५८३ च्या अखेरचा. राल्फ फिच, न्यूबेरी वगैरे चार इंग्रजांना हेर समजून गोव्यात कैद केलं गेलं, तेव्हा त्यांना सोडवण्याच्या खटपटीत आपल्या या पाद्रीबाबांचा हात होता. एरवी मायबोलीत बोलायला माणूस मिळणं अवघडच.

शिकायची भाषा कोणती, इथूनच घोळ होता. गोव्यातल्या लोकभाषेला पोर्तुगीज ‘कानारीम’ म्हणत, म्हणजे जणू कन्नडच. भाषेच्या नावावरून आम्ही बेळगावकरांनी जे काही पाहिलं आहे, ते पाहता हे नाव वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. नाव काहीही असो, ते बोलत होते ती कोकणी. स्टीफन्सनी मात्र एक गोष्ट नीट ओळखली, आणि माझ्या मते चांगल्या विद्यार्थ्याची खूण तीच आहे. गावात एक भाषा बोलली जाते आणि पुराण वाचायला बसलं की दुसरी येते, हे त्यांनी हेरलं. म्हणून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं त्यांनी कोकणीत लिहिली, व्याकरण कोकणीचं लिहिलं आणि पुराण मराठीत रचलं. पुराणाच्या प्रस्तावनेत याचा खुलासाही केला आहे. शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवींचे अवघड शब्द गाळून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द जागोजागी मिसळले, असं ते सांगतात. ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे इथे साष्टीची कोकणीच. क्रिस्तपुराण मराठीचं की कोकणीचं यावर आजही जे हिरिरीने भांडतात, त्यांनी ही प्रस्तावना एकदा शांतपणे वाचावी. लेखकाने स्वतःच पाककृती देऊन ठेवली आहे.

आता १५८३ च्या पत्राकडे येतो. गोव्यात येऊन बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, स्टीफन्सनी रिचर्ड या आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात इथल्या भाषांबद्दल मोजकी वाक्यं आहेत. या देशात भाषा पुष्कळ, उच्चार कानाला गोड, रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी, वाक्प्रयोग तर थक्क करणारे. पुढचं निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इथलं अक्षर म्हणजे एक सुटा ध्वनी नसून पूर्ण अवयव असतो, आणि व्यंजन जितक्या स्वरांशी किंवा दुसऱ्या व्यंजनाशी जुळेल तितकी त्याची रूपं बदलतात, असं ते भावाला समजावतात. थोडक्यात, बाराखडी आणि जोडाक्षरं. चार वर्षांच्या विद्यार्थ्याला ही यंत्रणा उलगडली आणि ती घरी कळवल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

लॅटिन-ग्रीकशी साम्य त्यांना का दिसलं असेल, याचा विचार मी माझ्या शिकण्याच्या उजेडात करतो. इंग्रजीत नामाला लिंगाची कटकट नाही, पोर्तुगीजमध्ये दोन लिंगं, मराठी-कोकणीत तीन. पोर्तुगीज शिपायाला ‘ते घर’ आणि ‘ते मूल’ हा नपुंसकलिंगाचा प्रकार डोक्याला ताप झाला असणार. लॅटिनमध्ये मुरलेल्या माणसाला तीन लिंगं आणि विभक्ती घरच्याच. मात्र ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत खाणारा तोच असून क्रियापद आंब्या-पोळीच्या मागे का धावतं, हे पचवायला त्यांनाही वेळ लागला असेल. काही वर्षांतच फिलिप्पो सास्सेत्ती नावाच्या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने असंच साम्य शब्दांत टिपलं. सहा, सात, आठ, नऊ, देव आणि सर्प हे शब्द त्याला इटालियनशी जुळणारे वाटले. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६ चं, म्हणजे स्टीफन्सच्या पत्रानंतर २०३ वर्षांनी. अर्थात जोन्स समान उगमाबद्दल बोलला, स्टीफन्सनी फक्त सारखेपणा नोंदवला. दोन्हींना एकाच मापाने तोलू नये.

पण याच पत्रात आणखी एक मजकूर आहे आणि तो वगळून भाषेची दोन-चार वाक्यं तेवढी कात्रीने कापून घेणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पत्राच्या तीन महिने आधी, जुलै १५८३ मध्ये, साष्टीतल्या कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं होतं. त्यांत रोदोल्फो अक्वाविवा होते, अकबराच्या दरबारी राहून आलेले. देवळं पाडली गेली होती, गावात चर्चसाठी जागा पाहायला मंडळी आली होती, आणि गाव उठला. पुढे बोलणी करायची म्हणून गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं आणि सोळांपैकी पंधरा जणांना मारलं. कुंकळ्ळीत आज त्यांचं स्मारक उभं आहे. स्टीफन्स भावाला आपल्या पाच सोबत्यांच्या मृत्यूची हकिकत कळवतात आणि त्याच पत्रात इथल्या भाषेच्या रचनेचं कौतुक करतात. ज्या लोकांशी ही झुंज चालली होती, त्यांचीच ही भाषा. कौतुक खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी काय घडत होतं, तेही वाचणाऱ्याने विसरू नये.

विद्यार्थ्याची क्रमिक पुस्तकं कोणती होती, हा प्रश्नही त्याच वाटेने जातो. १५५९ च्या जेझुइट पत्रव्यवहारात दिवाडी बेटावरची एक घटना आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने एका ब्राह्मणाच्या घरातून व्यासांच्या ग्रंथांचं बाड उचललं आणि जेझुइटांच्या हवाली केलं. ज्याच्या घरून ते गेलं, त्या माणसाची त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. आणि आता ते ब्रागा गाव. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात सोळाव्या-सतराव्या शतकातली तीन हस्तलिखितं आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात आहेत, मराठी ओवीबद्ध आख्यानं आहेत, केळशीच्या कृष्णदास शामाचं कृष्णचरित्रही आहे, आणि सगळं रोमन लिपीत उतरवलेलं. रोमन लिपीत कशासाठी? गावातल्या पुराणिकाला त्याची गरज नव्हती. हे उतारे देवनागरीला अजून न सरावलेल्या पाद्री-विद्यार्थ्यांसाठी होते, असाच अर्थ मला लागतो. गोव्यात ज्या ग्रंथांवर बंदी आली, त्यांच्यावरच भाषा घोटली गेली. गोव्याचं सोळाव्या शतकातलं गद्य आज वाचायला मिळतं ते वारांच्या नावांतूनही देव हद्दपार करणाऱ्या बिशपच्या गावी. यावर आणखी शेरा मारायची मला गरज वाटत नाही.

लिपी बदलण्याचं काम एखाद्या इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर फार देखणं आहे. हाताशी रोमन अक्षरं चोवीस. समोर मराठीचे ध्वनी त्याहून कितीतरी जास्त. नवा साचा ओतायचा नाही, आहे त्यात भागवायचं. क्रिस्तपुराणाची १९०७ ची रोमन आवृत्ती उघडली की तोडगा लगेच ध्यानात येतो. मूर्धन्य ध्वनी दाखवायला अक्षर दोनदा लिहायचं. एक ‘एल’ म्हणजे ल, दोन ‘एल’ म्हणजे ळ. एक ‘एन’ म्हणजे न, दोन ‘एन’ म्हणजे ण. तसंच त आणि ट, द आणि ड. महाप्राण हवा तर मागे ‘एच’ जोडायचा. श साठी पोर्तुगीज पद्धतीचा ‘एक्स’. क मात्र पोर्तुगीज सवयीने दोन वेषांत वावरतो. पुढे अ किंवा उ आला तर ‘सी’, इ किंवा ए आला तर ‘क्यू’. पहिली दहा पानं डोळे गरगरतात. मग एकदा मोठ्याने वाचायला लागलं की पडदा बाजूला होतो आणि ओळखीची ओवी ऐकू येते. ज्यांना हा अनुभव घ्यायचा आहे त्यांनी मनात नव्हे, तोंडानेच वाचावं.

दुर्दैवाने व्यवहारातल्या गोव्याने दुहेरी अक्षरांची ही शिस्त टाकली आणि फक्त ‘एक्स’ आणि ‘क्यू’ ठेवले. त्यामुळे केपें आणि शेल्डें या गावांच्या पाट्या वाचून बाहेरचा पाहुणा ‘क्वेपेम’ आणि ‘झेल्डेम’ म्हणतो, आणि साखळीला ‘सँक्वेलिम’ करून टाकतो. ळ तर पाटीवरून गेलाच.

स्टीफन्सना स्वतःला मात्र रोमन लिपीवर समाधान नव्हतं. ५ डिसेंबर १६०८ ला (ज्या वर्षी देहूत तुकोबा जन्मले असं मानतात ते हे वर्ष) त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत, जशी मलबारात छापली, ही आपली फार वर्षांची इच्छा आहे, असं त्यांनी कळवलं. अडचणी दोन सांगितल्या. एक, युरोपात चोवीस साच्यांत भागतं, इथे सहाशे साचे पाडावे लागतील आणि ते अशक्य वाटतं. दुसरी, वरून आज्ञा आणि परवानगी हवी.

सहाशे हा आकडा वाचून मी कागद-पेन्सिल घेतली. जुन्या सवयी जात नाहीत. चौतीस व्यंजनं धरा, प्रत्येकाची बाराखडी, ४०८ झाले. सुटे स्वर मिळवा, मग क्ष, ज्ञ, त्र, श्र आणि नेहमीची जोडाक्षरं व त्यांच्या काना-मात्रा. सहाशेच्या आसपास सहज पोचतो. म्हणजे आकडा हवेतला नव्हता, त्यांनी मोजदाद केली होती. आणि त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक अवयवाला एक अखंड साचा, असा त्यांचा हिशेब होता. ओतकामात आम्ही अशा वेळी पॅटर्नचे सुटे भाग करतो. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धं अक्षर वेगळं, आणि जुळणी शेवटी. देवनागरीचे खिळे पाडणाऱ्यांनी पुढे हाच मार्ग धरला. मलबारात हे आधीच जमलं होतं, कारण तमिळमध्ये व्यंजनं अठराच आणि जोडाक्षरांचा पसारा जवळजवळ नाही. तमिळ पुस्तक १५७८ मध्ये कोल्लमला छापलंही गेलं होतं. १५८३ मध्ये व्यंजन-स्वरांच्या ज्या जुळणीने विद्यार्थी हरखून गेला, तीच जुळणी पंचवीस वर्षांनी त्याच्या छापखान्याच्या आड आली. भाषेची जी खोड शिकणाऱ्याला गोड वाटते ती कारागिराला महाग पडते, हे मला त्या दोन पत्रांनी जेवढं स्पष्ट दाखवलं तेवढं कुठल्या ग्रंथाने दाखवलं नाही.

शेवटी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीतच छापलं गेलं. दोन भाग, पंच्याण्णव अवस्वर, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला वाचायला काही द्याल की नाही? मागणी रास्त होती. पुस्तकं काढून घेतलेल्या लोकांना पुस्तक हवं होतं. स्टीफन्सनी ते ओवीत दिलं, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणत दिलं. पैठणला एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. एकाच काळात, एकाच छंदात, दोन टोकांना दोन माणसं लिहीत होती. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवलेल्या नकलांवर. व्याकरण त्यांच्या हयातीत निघालंच नाही. दियोगु रिबैरु यांनी भर घालून ते १६४० मध्ये राशोलला छापलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं.

मग वारं फिरलं. लोकांची भाषा शिकत बसण्यापेक्षा लोकांनाच आपली शिकवावी, असा विचार बळावला. २७ जून १६८४ ला व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनी हुकूम काढला की तीन वर्षांत सर्वांनी स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. तारीख पाहा. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी संभाजी महाराजांनी याच व्हाइसरॉयला इतकं जेरीस आणलं होतं की त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला. १७४५ मध्ये आर्चबिशपनी पुढची पायरी गाठली. पोर्तुगीज येत नसेल तर लग्न लावायचं नाही. ज्याने कुणी हे कलम सुचवलं त्याला गोव्यातली लग्नघरं ठाऊक नसावीत. आणि हे हुकूम निघत असताना त्याच सरकारला मराठ्यांशी पत्रव्यवहार करायला शेणवी दुभाषे लागत होते. त्यांची दप्तरं पां. स. पिसुर्लेकरांनी उजेडात आणली आहेत.

तीन वर्षांची मुदत संपली, पुढची दीडशे वर्षंही संपली, आणि लोक कोकणीच बोलत राहिले. १८५७ मध्ये कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्याने स्टीफन्सचं व्याकरण गोव्यात पुन्हा छापलं, सोबत कोकणीच्या इतिहासावर प्रदीर्घ निबंध जोडला आणि त्यात जुन्या हुकुमांची लक्तरं काढली. १६८४ चा हुकूम काय म्हणत होता, हे आज आपल्याला मुख्यतः त्याच्या टीकाकारामुळे कळतं. लंडनच्या मार्सडेन संग्रहात क्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखित सापडलं ते विसाव्या शतकात, आणि मूळ रचना कोणत्या लिपीत झाली, हा वाद त्याने सुरू करून दिला. अभ्यासक अजून त्यावर भांडत आहेत. छापील देवनागरी क्रिस्तपुराण मात्र शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून काढलं, राशोलच्या पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी. त्याच्या कुठल्याही पानावर ळ एका खिळ्यात बसतो.